फ्लेमिंगोचा सीझन संपताना खाडीवर कसं जायचं, आणि नंतर कॅमेरा कसा झोपवायचा

माझा मावसभाऊ इंग्लंडला यॉर्कशायरच्या एका खेड्यात राहतो. दर वर्षी फेब्रुवारी उजाडला की त्याचा मेसेज ठरलेला, "संपला रे सीझन." सीझन म्हणजे फेझंट नावाच्या, रानकोंबड्यासारख्या पक्ष्याच्या शिकारीचा. तिकडे सगळं तारखांमध्ये बांधून टाकलेलं आहे, ग्राउज १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर, तित्तिर १ सप्टेंबर ते १ फेब्रुवारी, फेझंट १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी, त्यात परत रविवारी आणि नाताळला बंद. हा पठ्ठ्या स्वतः बंदूकवाला नाही, हा हाकाऱ्यांमध्ये जातो, म्हणजे हातात काठी घेऊन चिखलातून झाडी बडवत चालायचं आणि पक्षी उठवायचे, वर दिवसाचे थोडे पैसे आणि गरम सूप. सीझनच्या टोकाला एक दिवस हाकाऱ्यांचा असतो, त्या दिवशी त्यांना बंदूक धरायला देतात, तर हा त्या दिवशीही काठीच घेऊन गेला म्हणे. मला त्यातली एक गोष्ट आवडली. शिकार बंद झाली तरी तिथले राखणदार पुढचे दोनेक महिने रानात धान्य टाकत राहतात, कारण फेब्रुवारी-मार्चात कुंपणाच्या झुडपांवर खायला काही उरलेलं नसतं आणि उरलेले पक्षी तेव्हाच उपाशी मरतात.

आपल्याकडे हा विषय बंद आहे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात सुरुवातीला परवाना काढून शिकार करायची सोय होती, १९९१ च्या दुरुस्तीने तीही गेली. बदक नाही, तित्तिर नाही, लाव्हरी नाही, गलोल घेऊन पक्ष्यामागे लागलात तरी गुन्हा. पण सीझन आपल्यालाही आहे. मी नवी मुंबईत ऐरोलीला, ठाण्याच्या खाडीकाठी राहतो, माझा सीझन नोव्हेंबर-डिसेंबरात खाडीवर पहिले फ्लेमिंगो दिसले की सुरू होतो आणि पाऊस आला की संपतो, मधे कधीतरी. हे 'मधे कधीतरी' मला बरीच वर्षं खटकत होतं, कारण पहिला फ्लेमिंगो दिसला की सगळे ग्रुपवर टाकतात आणि शेवटचा कधी गेला हे कुणालाच माहीत नसतं. भावाला शेवटची तारीख सरकार छापून देतं, आपली आपणच खाडीवर जाऊन शोधायची असते. एप्रिल-मेमध्ये कसं जायचं, काय बघायचं, कसं लिहून ठेवायचं ते खाली सांगतोय, मी केलेल्या चुकांसकट.

पहिली चूक म्हणजे घड्याळ. मी सुरुवातीची दोन वर्षं रविवारी सकाळी सहाला गजर लावून जायचो आणि निम्म्या वेळा चिखल बघून परत यायचो, पक्षी लांब खाडीच्या मध्यावर गुलाबी रेघ काढल्यासारखे. एकदा ऐरोलीच्या दिवा गावातल्या जेट्टीवर एक कोळी काका जाळं सोडवत बसले होते, त्यांना विचारलं की काका हे पक्षी किती वाजता जवळ येतात, तर वर न बघता म्हणाले, "घड्याल कशाला बगतंस, पानी बग." मग त्यांनीच हिशोब शिकवला. तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, जो आकडा येईल ती पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३, अष्टमीला ६, द्वादशीला ९, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशोब तोच, आणि दिवसाची तशीच रात्रीची, कारण एका भरतीपासून दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी येते. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतं. मोबाइलवर भरतीची ॲप आहेतच पण त्यात वेळ बहुतेक दक्षिण मुंबईतल्या अपोलो बंदरची असते, पाणी ठाण्याच्या खाडीत वर चढेपर्यंत अजून थोडा वेळ जातो, म्हणून ॲपवाल्यांनीही थोडं उशिराचंच धरावं.

आता हे पक्ष्यांना कसं लागू होतं ते बघा. ओहोटीला खाडीचा चिखल उघडा पडतो, फ्लेमिंगो तिथे चरायला पसरतात, आपल्यापासून लांब. पाणी चढलं की चिखल बुडतो, मग ते उठून काठावरच्या पाणथळ जागांमध्ये येऊन उभे राहतात, म्हणजे नवी मुंबईत सीवूड्सला टी. एस. चाणक्य या जहाजावरच्या प्रशिक्षणाच्या संस्थेमागे, एनआरआय कॉम्प्लेक्सच्या बाजूला, डीपीएस शाळेजवळच्या तळ्यात. म्हणून तळ्यावर भरतीला जायचं आणि भरतीच्या दीड-दोन तास आधीच जाऊन बसायचं, थवे उतरताना बघायला मिळतात. आणि उधाणाची, म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या आसपासची मोठी भरती हवी. भांगाच्या भरतीला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाणी अर्धवटच चढतं, सगळा चिखल बुडत नाही, मग पक्ष्यांना हलायची गरजच पडत नाही, तुम्ही तळ्याकाठी बसून शेकाट्या मोजत राहता.

खरी गोची पुढे आहे आणि ही मला कुणी सांगितली नव्हती. वरच्याच हिशोबाने आपल्याकडे उधाणाची मोठी भरती नेहमी दुपारी बाराच्या आसपास पडते (किंवा मध्यरात्री), आणि मे महिन्यात दुपारी बारा वाजता खाडीवर फोटो म्हणजे नुसती वाफ. तापलेल्या चिखलावरून हवा थरथरत असते, कितीही महागडी लेन्स लावा, पक्षी पाण्याखालून बघितल्यासारखा दिसतो. लोकांना वाटतं फोकस गंडलाय, लेन्स सर्व्हिसला देतात, मीही दिली होती, दुकानदाराने पंधरा दिवस ठेवून घेतली आणि 'क्लीनिंग' म्हणून पैसे लावून जशीच्या तशी परत दिली. तर मध्यम मार्ग म्हणजे द्वादशी-त्रयोदशी. भरती नऊ ते पावणेदहा, पाण्याला जोर बऱ्यापैकी आलेला असतो, तुम्ही सातला जाऊन बसायचं, आठपर्यंत थवे यायला लागतात, नऊनंतर वाफ धरायच्या आत निघायचं. संध्याकाळसाठी चतुर्थी-पंचमी बरी पडते, भरती तीन ते पावणेचार, मग पाणी उतरायला लागलं की पाच-सहाच्या दरम्यान तेच थवे उठून परत खाडीत जातात, आणि तेव्हा सूर्य समोर असतो.

उजेडाचं गणित सोपं आहे. नवी मुंबई खाडीच्या पूर्वेला, त्यामुळे सकाळी सूर्य आपल्या पाठीशी आणि पक्ष्यांवर छान उजेड, संध्याकाळी सूर्य पक्ष्यांच्या मागे म्हणजे फक्त काळ्या आकृत्या, त्याही सुंदर दिसतात पण गुलाबी रंग विसरा. मुंबईच्या बाजूला, भांडुपला वगैरे, बरोबर याच्या उलट.

ठाण्याहून यायचं तर पनवेल लोकल पकडून थेट सीवूड्स-दारावेला उतरा, पुढे रिक्षा. काठापर्यंत जायला जमत नसेल, घरात आई-बाबा किंवा लहान मुलं असतील, तर ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून बोट घ्या, तिथे जाता-जाता लोकांना खारफुटीची माहिती पण मिळते. बोटीला पाणी लागतं म्हणून फेऱ्यांच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात, न विचारता जाऊन भांडू नका. बोट जाते ते पाणी अभयारण्याचं आहे, ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं, जवळपास १६९० हेक्टर, त्यातली ८९६ हेक्टर खारफुटी आणि बाकी पाणी, आणि २०२२ ला रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीतही आलं. त्यामुळे ड्रोन उडवायचा विचार मनात असेल तर तो घरीच ठेवा, अभयारण्य आणि वर विमानतळ, दोन्हीकडून अडकाल.

काय बघायचं? सगळे फ्लेमिंगोच बघतात म्हणून आधी बाकीच्यांबद्दल लिहितो, कारण सीझन संपतोय हे कळतं ते बाकीच्यांकडूनच. बदकं सगळ्यात आधी जातात, थापट्या, तलवार बदक वगैरे मार्चअखेर विरळ होतात. मग कुरव, म्हणजे सीगल. आपल्याकडचा तपकिरी डोक्याचा कुरव हिवाळाभर पांढऱ्या डोक्याचाच असतो, नाव का पडलं असा प्रश्न पडतो, मार्चमध्ये त्याचं डोकं चॉकलेटी व्हायला लागतं आणि नाव पटेपर्यंत तो निघून जातो. काळ्या शेपटीचा पाणटिवळा हिवाळ्यात मळकट राखाडी, एप्रिलमध्ये मान आणि छाती विटकरी. एकाच थव्यात पाच विटकरी आणि पन्नास राखाडी दिसले की समजायचं, हळद लागली, वऱ्हाड हलणार. हे पक्षी उत्तरेला थंड प्रदेशात अंडी घालायला जातात आणि निघायच्या आधीच्या काही आठवड्यांत अक्षरशः चरबी साठवत असतात, तीच त्यांची प्रवासाची शिदोरी.

फ्लेमिंगो सगळ्यात मागे राहतात, मे संपेपर्यंत, पाऊस लांबला तर जूनमध्येही. मराठीत रोहित म्हणतात पण माझ्या शेजारच्या मुलाचं नाव रोहित आहे आणि मी गच्चीवरून "रोहित आले रे" ओरडलो की तो वर येतो, म्हणून मी फ्लेमिंगोच लिहितो. दोन जाती आहेत, लहान आणि मोठा. लहानाची चोच गडद लालसर-काळी आणि रंग जास्त गुलाबी, मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोक काळं, अंग पांढरट. लहान पाण्यातलं बारीक शेवाळ गाळून खातो, मोठा त्याबरोबर कोळंबीसारखे बारीक जीवही, आणि गुलाबी रंग हा त्या खाण्यातूनच येतो. अंडी घालायला जातात ते मुख्यतः कच्छच्या रणात. करड्या-मातकट रंगाचा एखादा दिसला तर तो आजारी नाही, ते पिल्लू आहे, रंग चढायला दोन-तीन वर्षं जातात. अशातले काही पावसाळ्यातही इथेच रेंगाळतात, त्यांना 'शेवटचा फ्लेमिंगो' म्हणून नोंदवलं की सगळा हिशोब बिघडतो, म्हणून वयस्क आणि करडे वेगळे मोजायचे.

ते जातात रात्री. मे महिन्यात रात्री नऊनंतर गच्चीवर जा, पंखे-एसीच्या आवाजापासून जरा लांब, आणि ऐका. बदकासारखा घोगरा पण सामूहिक आवाज, दुरून रस्त्यावरून मिरवणूक चालल्यासारखा, आणि दिसत काहीच नाही. एकदाच मला दिसले, पाम बीच रोडच्या दिव्यांचा उजेड खालून पोटावर पडला होता आणि चाळीस-पन्नास पक्ष्यांची वाकडी ओळ, तीन-चार सेकंद, मोबाइल खिशातून काढेपर्यंत संपलं. मे २०२४ मध्ये घाटकोपरला रात्री उतरणाऱ्या विमानाला एक थवा धडकला आणि तीसहून जास्त फ्लेमिंगो मेले, तेव्हापासून हा आवाज ऐकला की पहिलं लक्ष आभाळात विमानाचा दिवा आहे का तिकडे जातं.

आता जवळ किती जायचं. याला मीटरमध्ये उत्तर नाही, पक्षी सांगतात. चरताना फ्लेमिंगोचं डोकं पाण्यात उलटं असतं. तुम्ही सरकताय आणि पाच-दहा डोकी वर आली, थांबा. सगळ्यांच्या माना ताठ झाल्या आणि सगळे एकाच दिशेला चालायला लागले, तर तुम्ही आधीच जास्त पुढे गेलात, बसा किंवा मागे या. बसलेल्या माणसाला पक्षी पंधरा-वीस मिनिटांत विसरतात, उभ्या माणसाला विसरत नाहीत. मागच्या मे महिन्यात एक गृहस्थ मुलाला उडते फ्लेमिंगो दाखवायचे म्हणून दगड मारत होते, मी काही बोलायच्या आत त्यांच्याच मुलाने "बाबा नको ना" म्हटलं. एक उड्डाण म्हणजे त्या शिदोरीतली दोन-चार चपात्या गेल्या असं समजा, आणि हे दिवसातून दहा वेळा होतं. मावसभाऊ हाकारा आहे, त्याला पक्षी उठवायचे पैसे मिळतात, आपल्याला कुणी देत नाही. कुरवांना शेव-गाठिया टाकणं पण बंद करा. तिकडचे राखणदार धान्य टाकतात ते त्या पक्ष्यांचं खाणं आहे, गाठिया हे कुरवाचं खाणं नाही.

सेटिंगचं थोडक्यात सांगतो. उडणाऱ्यांसाठी शटर १/१६०० च्या खाली नको, आयएसओ ऑटो, मागे गडद पाणी किंवा खारफुटी असेल तर एक्स्पोजर अर्धा स्टॉप कमी करा नाहीतर पांढऱ्या पिसांतला तपशील जळून जातो, मागे आभाळ असेल तर उलट वाढवा. फोनवाल्यांनी झूमच्या मागे न लागता थवा आणि मागच्या बिल्डिंगा एका फ्रेममध्ये घ्याव्यात, तो फोटो लेन्सवाल्यांपेक्षा बरा येतो, हे मी स्वतः लेन्सवाला असून सांगतोय.

फोटोपेक्षा महत्त्वाची आहे नोंद. मोजायचं कसं, तर दहा पक्षी नीट मोजा, ते दृष्टीला किती जागा घेतात हे डोळ्यात बसवा, मग तेवढे तेवढे ठोकळे थव्यावर ठेवत जा, मोठा थवा असेल तर शंभराचे ठोकळे. लिहायचं काय तर तारीख, जागा, वेळ, भरती चढती की उतरती, लहान किती, मोठे किती, करडे किती. ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर टाकलं तर उत्तमच, फुकट आहे, नाहीतर दुधाच्या हिशोबाची वही चालेल. आणि मुख्य म्हणजे शून्य पण लिहायचं. १ जूनला गेलो, एकही नाही, हे लिहिलं तरच २५ मे ही शेवटची तारीख ठरते, नाहीतर ती फक्त तुम्ही शेवटचे गेलात ती तारीख. मी तीन वर्षं शून्य लिहिलंच नव्हतं, म्हणजे त्या तीन वर्षांच्या माझ्या 'शेवटच्या तारखा' म्हणजे माझ्या उन्हाळी सुट्टीला गावी जायच्या तारखा निघाल्या. मेच्या मध्यापासून आठवड्यातून दोनदा तरी जा, किंवा तीन-चार जणांत वार वाटून घ्या.

पायात रंगीत कडं किंवा अक्षरं असलेला पट्टा दिसला तर रंग, कुठला पाय, गुडघ्याच्या वर की खाली, अक्षरं, जे दिसेल ते लिहा, धूसर फोटो पण ठेवा आणि बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा, ते अशा कड्यांचा अभ्यास करतात. ही संस्था १८८३ पासूनची आहे आणि पक्षीतज्ज्ञ सलीम अलींची गोष्टही तिथूनच सुरू होते. १९०८ च्या सुमारास लहानपणी छर्ऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग, ही कुठली म्हणून विचारायला ते तिथे गेले आणि पुढे जन्मभर पक्ष्यांचेच होऊन राहिले. आता तोच मुलगा असता तर फोटो काढून ग्रुपवर टाकला असता आणि दोन मिनिटांत नाव कळलं असतं, बरं झालं असतं की वाईट मला नाही सांगता येत.

जखमी पक्षी सापडला तर पाणी पाजायला जाऊ नका, चोचीत ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं. अंगावर सुती कापड टाकून उचला, भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात अंधारात ठेवा आणि वन खात्याच्या १९२६ नंबरवर फोन करा. त्याच्यासोबत सेल्फी नको.

आता शेवटचं काम, जे सगळे आळस करून टाळतात आणि ऑगस्टमध्ये रडतात. आपल्याकडच्या पावसात लेन्सला बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी आतून पसरते आणि काढायचा खर्च ऐकून जेवण जात नाही. शेवटच्या फेरीनंतर ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडून गोड्या पाण्याने धुवा, खाडीचा चिखल खारट असतो, सांध्यात राहिला की पुढच्या नोव्हेंबरात पाय उघडणारच नाही. दोन दिवस पंख्याखाली सुकू द्या. लेन्स मऊ ब्रशने झाडा, मग पुसा, आधी पुसलं तर वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात. बॅटरी बाहेर काढा. कातडी किंवा कापडी बॅगेत अजिबात ठेवू नका, बॅगच ओल धरते. रबराच्या कडेचा हवाबंद डबा घ्या, किराणा भरायचा चालतो, आमच्याकडे तो डबा चकल्यांचा होता आणि दर दिवाळीला त्यावरून विषय निघतो. त्यात सिलिका जेल टाका, रंग बदलणारं घ्या, निळं गुलाबी झालं किंवा केशरी हिरवट झालं की ओल भरली, मंद आचेवर तव्यात परतलं की पुन्हा पहिल्यासारखं होतं (तवा जुना घ्या, स्वयंपाकाचा नको). तांदळात ठेवायची आयडिया सोडून द्या, तांदळाची पूड लेन्सच्या रिंगमध्ये जाते. महिन्यातून एकदा ऊन पडेल त्या दिवशी डबा उघडून कॅमेरा दहा मिनिटं चालू करून बघा.

दुर्बीण मात्र डब्यात घालू नका, दाराजवळच्या खुंटीवर राहू दे. फ्लेमिंगोच्या शून्याच्या नोंदी अजून दोन आठवडे चालू असतात, आणि त्याच दिवसांत येऊरला नाहीतर पारसिकच्या डोंगराकडे पहिला चातक ओरडतो, त्याची तारीख वहीच्या पुढच्या पानावर.